ल्यूबेक : हान्सा व्यापारी संघाची राजधानी

जैन आगमांच्या पाश्चात्त्य अभ्यासकांत वाल्टर शूब्रिंग यांचे नाव फार आदराने घेतले जाते. १९२० पासून सुमारे तीस वर्षे ते हॅम्बुर्ग विद्यापीठात भारतविद्येचे प्राध्यापक होते. आचारांग, व्यवहार, निशीथ इत्यादी सूत्रांवर त्यांनी केलेले काम आजही प्रमाण मानतात. आणि १९३५ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झालेला त्यांचा जैन सिद्धांतांवरील ग्रंथ १९६२ साली इंग्रजीत आल्यापासून आपल्याकडील अभ्यासकांच्या हाती आहे. हे शूब्रिंग १८८१ साली ज्या नगरात जन्मले, ते नगर म्हणजे उत्तर जर्मनीतील ल्यूबेक. त्यांचे वडील तेथील ‘काथारिनेउम’ या जुन्या व नामांकित विद्यालयाचे मुख्याध्यापक होते.

शूब्रिंगांचा ग्रंथ आपल्यापैकी काहींनी चाळला असेल, परंतु त्यांच्या गावाची हकिकत फारशी कोणास ठाऊक नाही. वास्तविक व्यापाऱ्यांच्या संघाने काढलेल्या वार्षिकात जर एखाद्या परदेशी शहराचा इतिहास यावयाचा असेल, तर तो मान ल्यूबेकचाच आहे. या गावाला राजा नव्हता. ते व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी वसले, व्यापाऱ्यांच्या सभेने चालविले, आणि जवळजवळ तीनशे वर्षे ते अशा एका व्यापारी संघाचे अग्रणी होते की ज्याच्याशी तह करावयास डेन्मार्कच्या राज्यसभेला बसावे लागले. पुढे तोच संघ कोणत्याही शत्रूने न मोडता हळूहळू विरून गेला. या दोन्ही गोष्टी कशा घडल्या, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम नकाशाकडे पाहावे. जर्मनीच्या उत्तरेस दोन समुद्र आहेत. पश्चिमेस उत्तर समुद्र, त्याच्या पलीकडे इंग्लंड व अलीकडे नेदरलंड्स. पूर्वेस बाल्टिक समुद्र, त्याच्या काठी स्वीडन, फिनलंड, एस्टोनिया, लॅटव्हिया, पोलंड व रशियाची वाट. दोहोंच्या मध्ये डेन्मार्कचे द्वीपकल्प एखाद्या बोटासारखे वर गेलेले आहे. एका समुद्रातून दुसऱ्यात जावयाचे तर या बोटाला वळसा घालून, वादळी किनाऱ्याने जावे लागे. मध्ययुगातील लहान गलबतांना हा प्रवास जिवावरचा होता. परंतु द्वीपकल्पाच्या पायथ्याशी बाल्टिककडील ल्यूबेक आणि एल्ब नदीवरील हॅम्बुर्ग यांच्यात केवळ साठ-पासष्ट किलोमीटरांची जमीन आहे. पूर्वेचा माल ल्यूबेकला उतरवावा, गाड्यांवर घालून हॅम्बुर्गला न्यावा, तेथे पुन्हा जहाजावर चढवावा, ही वाट सुरक्षित होती. ल्यूबेकचे सारे वैभव या गाडीवाटेवर उभे होते असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. बंदर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उघडा समुद्र येतो. ल्यूबेक मात्र समुद्रापासून सुमारे वीस किलोमीटर आत, त्रावे नदीच्या काठी आहे. त्रावे आणि वाकेनित्स या दोन नद्यांनी वेढलेली ती एक अंडाकृती टेकडी होय.

या परिसरात पूर्वी स्लाव लोकांचे ‘ल्यूबिसे’ नावाचे ठाणे होते. ते ११३८ साली उद्ध्वस्त झाले. ११४३ साली होल्स्टाइनचा सरदार दुसरा आडोल्फ याने थोड्या अंतरावर, उपरोक्त टेकडीवर, नवे गाव वसवून जुनेच नाव त्यास दिले. गाव भरभराटीस येऊ लागताच आडोल्फचा वरिष्ठ, सॅक्सनीचा ड्यूक हाइनरिख, ज्याला इतिहास ‘सिंह’ या उपाधीने ओळखतो, त्याच्या डोळ्यांत ते खुपू लागले. कारण त्याच्या स्वतःच्या बार्डोविक गावचा बाजार ओस पडू लागला होता. त्याने बाजारात अर्धा वाटा मागितला. तो न मिळताच ल्यूबेकचा बाजारच बंद करण्याचा हुकूम काढला. खाण्याच्या जिनसांखेरीज काही विकावयाचे नाही! त्यातच ११५७ साली गावाला आग लागली. तेव्हा रहिवाशांनी ड्यूककडे जाऊन सांगितले की, जेथे बाजार नाही तेथे पुन्हा घरे बांधून आम्ही काय करावे? आम्हांस दुसरी जागा द्या. ड्यूकने जवळच ‘सिंहनगर’ नावाचे गाव वसवून पाहिले. पण तेथे नदी उथळ, मोठी जहाजे येईनात. शेवटी आडोल्फ नमला, टेकडी ड्यूकच्या हवाली झाली, आणि ११५९ साली तेच व्यापारी परत येऊन जुन्या जागी घरे बांधू लागले. हेल्मोल्ड नावाच्या समकालीन धर्मगुरूने ही हकिकत लिहून ठेवली आहे. किल्ला बांधता येतो, हुकूम काढता येतो. परंतु जहाजाला लागणारे पाणी हुकमाने खोल होत नाही, हे ड्यूकसाहेबांना दोन वर्षांत कळले.

ड्यूकने मग शहाणपणा दाखविला. त्याने उत्तरेकडील राज्यांत दूत पाठवून तेथील व्यापाऱ्यांना ल्यूबेकला निर्भयपणे येण्याजाण्याची हमी दिली. ११८८ साली सम्राट फ्रेडरिक बार्बरोसा याने नगराला सनद दिली. मधली पंचवीस वर्षे डेन्मार्कच्या अमलाखाली गेली. आणि १२२६ साली सम्राट दुसरा फ्रेडरिक याने ल्यूबेकला ‘साम्राज्याचे मुक्त नगर’ केले. अर्थात यापुढे नगराचा धनी एकटा सम्राट, आणि तो तर बहुधा इटलीत! मूळ सनद आजही नगराच्या दप्तरात आहे. पुढील सातशे अकरा वर्षे, मधला नेपोलियनचा अल्प काळ सोडता, या नगराने स्वातंत्र्य टिकविले.

कारभार चालवी ती नगरसभा. तीत व्यापारी आणि जमीनदार बसत. हातकाम करून पोट भरणाऱ्या कारागिराला तीत जागा नव्हती. बाप व मुलगा, अथवा दोघे सख्खे भाऊ, एकाच वेळी सभासद होऊ नयेत असा दंडक होता. त्याचा हेतू उघड आहे. पण मेहुणे, व्याही, जावई यांच्यावर तसे बंधन नसल्याने कारभार थोड्या घराण्यांतच फिरत राहिला. कारागिरांचा असंतोष १३८४ साली खाटकांच्या कटातून आणि १४०८ साली जुन्या सभेच्या हकालपट्टीतून बाहेर पडला. या नगरसभेने तयार केलेला ‘ल्यूबेकचा कायदा’ बाल्टिकच्या काठी रोस्टोक, विस्मार, श्ट्रालसुंड, रेव्हाल (आजचे टालिन) अशा सुमारे शंभर गावांनी स्वीकारला; आणि तेथील दाव्यांवरची अपिले ल्यूबेकच्या सभेपुढे येऊ लागली. तलवार न उचलता शंभर गावांवर वजन बसविण्याचा हा प्रकार होता. वारसा, भागीदारी, जहाजभाडे, कर्ज यांचे नियम सर्वत्र एकच असल्यामुळे ल्यूबेकचा व्यापारी रेव्हालला गेला तरी त्याला घरी असल्यासारखे वाटे.

आता मालाविषयी. येथे आपल्या वाचकांपुढे लिहिताना मला थोडा संकोच होतो. ल्यूबेकच्या संपत्तीची दोन चाके म्हणजे मीठ व मासळी. मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मात शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत मांसाहार निषिद्ध असे; मासा मात्र चाले. उपवासाच्या नियमानेच मत्स्यसंहार वाढावा हा प्रकार आपल्याला विपरीत वाटेल. पण इतिहास जसा आहे तसा सांगितला पाहिजे. स्वीडनच्या दक्षिणेकडील स्कोने या किनाऱ्यावर दर वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस हेरिंग माशांच्या प्रचंड झुंडी येत. मासा तत्काळ खारविला नाही तर कुजे, आणि किनाऱ्यावर मीठ पुरेसे नव्हते. मीठ होते ल्यूबेकच्या दक्षिणेस ल्यूनेबुर्ग येथे, जमिनीखालच्या खाऱ्या झऱ्यांत. ते पाणी कढयांत आटवून शुभ्र मीठ काढीत. हे मीठ स्कोनेच्या किनाऱ्यावर पोचविणे आणि खारविलेला माल पिंपांत भरून साऱ्या युरोपात धाडणे, ही दोन्ही कामे ल्यूबेकने आपल्या हाती घेतली. मासे दुसऱ्याच्या समुद्रात, मीठ दुसऱ्याच्या जमिनीत. ल्यूबेकजवळ होती फक्त या दोहोंची गाठ घालून देण्याची जागा आणि अक्कल.

मीठ प्रथम गाडीवाटेने येई. पुढे १३९१ ते १३९८ या सात वर्षांत नगराने श्टेकनित्स कालवा खणविला. दोन नद्यांमधील उंचवटा ओलांडून जाणारा युरोपातील हा पहिला कालवा. उंचवट्याचा सुमारे अकरा किलोमीटरांचा भाग माणसांनी खणला; ठिकठिकाणी फळ्यांचे बांध घालून पाणी अडवावयाचे, आणि बांध उघडताच येणाऱ्या लोंढ्यावर मिठाच्या होड्या पुढे सरकवावयाच्या. प्रवासाला आठवडेच्या आठवडे लागत, तरी गाडीपेक्षा ते स्वस्त पडे. नदीकाठी एका ओळीत उभ्या असलेल्या मिठाच्या सहा वखारी आजही प्रवासी पाहतात. त्या १५७९ ते १७४५ या काळात बांधलेल्या आहेत.

याखेरीज रशियातून मेण व केसाळ कातडी, प्रशियातून धान्य, स्वीडनमधून तांबे व लोखंड, फ्लांडर्समधून लोकरी कापड, आणि दक्षिणेकडून मिरी व अन्य मसाले असा माल येथून जाई-येई. यांतील मिरी आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरची. अरब व व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातून ब्रूजला आणि तेथून ल्यूबेकला ती जाई, हे लक्षात घेतले म्हणजे हे दूरचे गाव थोडे जवळचे वाटू लागते.

ज्या संघाचा वर उल्लेख केला तो ‘हान्सा’. या शब्दाचा मूळ अर्थ केवळ जथा. परदेशी जाणारे जर्मन व्यापारी स्वसंरक्षणार्थ जथ्याने जात. पुढे व्यापाऱ्यांच्या जथ्यांची जागा त्यांच्या गावांनी घेतली. १३५६ साली ल्यूबेक येथे या गावांची पहिली सर्वसाधारण सभा भरली, आणि तेव्हापासून सभेचे स्थान बहुधा ल्यूबेकच राहिले. निरनिराळ्या काळी मिळून सुमारे दोनशे गावे संघात होती. नक्की यादी संघाने स्वतःच कधी केली नाही. या संघाला कायम सैन्य नव्हते, आरमार नव्हते, खजिना नव्हता, स्वतःची मुद्राही नव्हती. सभेचा ठराव गावाने आपल्या नगरसभेत मान्य केला तरच लागू होई. पुष्कळ गावांचे प्रतिनिधी सभेला येतच नसत. वाटा खराब आहेत, खर्च झेपत नाही, अशी कारणे लिहून पाठवीत. आलेले प्रतिनिधी अडचणीचा ठराव पुढे येताच “आम्हांस या बाबतीत आमच्या सभेची आज्ञा नाही” असे म्हणून हात झटकीत. ज्यांनी कोणत्याही व्यापारी मंडळाचे चिटणीसपद भूषविले आहे, त्यांना या संघाचे दप्तर वाचताना परकेपणा वाटू नये.

असे असूनही संघ चालला, याचे कारण त्याच्या हाती एकच पण जबर हत्यार होते : बहिष्कार. ज्या गावाने ठराव मोडला त्याला संघाबाहेर काढीत. त्याच्या व्यापाऱ्यांना परदेशातील वखारींचे दरवाजे बंद होत आणि सवलती जात. १४७१ साली कोलोनसारख्या बलाढ्य नगराने इंग्लंडशी चाललेल्या झगड्यात संघाची बाजू सोडून स्वतःचा स्वार्थ पाहिला, तेव्हा त्याला बाहेर काढण्यात आले. १४७६ साली ते पुन्हा आत आले.

परदेशातील मुख्य वखारी चार : लंडन, ब्रूज, नॉर्वेतील बर्गेन आणि रशियातील नोव्हगोरोद. नोव्हगोरोदला वखारीतच संत पीटरचे चर्च होते. चर्चची इमारत दगडी व आगीपासून सुरक्षित, म्हणून मौल्यवान माल तेथेच ठेवीत. मेणाच्या ढेपा व कातड्यांचे गठ्ठे तपासून घेण्याचे कडक नियम होते, आणि रशियन व्यापाऱ्यांशी उधारीचा व्यवहार करू नये अशी ताकीद होती. बर्गेनची वखार म्हणजे केवळ पुरुषांचे गाव. कोवळ्या वयाची मुले तेथे उमेदवारीला येत, वरिष्ठ गुमास्त्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे राहत. तेथे असेपर्यंत लग्न करावयाचे नाही. लाकडी इमारतींना आगीचे भय, म्हणून कडाक्याच्या थंडीतही राहत्या खोल्यांत शेगडी नाही. ऊब हवी तर मागील बाजूच्या सामाईक अग्निगृहात जावे. नव्या मुलांची ‘परीक्षा’ म्हणून त्यांचे जे हाल करीत, त्यांची वर्णने वाचवत नाहीत. लंडनच्या वखारीकडे शहराच्या एका वेशीची, बिशप्सगेटची, डागडुजी सोपविलेली होती. म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांनी यजमान नगराचा दरवाजा दुरुस्त ठेवावयाचा!

भागीदारीची रीतही पाहण्यासारखी आहे. एकाने भांडवल द्यावे, दुसऱ्याने भांडवल व श्रम घालून माल परदेशी न्यावा, आणि नफा ठरलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मेनिम, वाटून घ्यावा. एकच व्यापारी एकाच वेळी अशा दहा-दहा लहान भागीदाऱ्यांत असे. एक जहाज बुडाले तरी सर्वस्व बुडत नसे. भागीदार बहुधा भाऊ, मेहुणा किंवा जावई. करारपत्रापेक्षा नात्यावर व शब्दावर भिस्त अधिक. इटलीतील व्यापारी चौदाव्या शतकातच दुहेरी नोंदीच्या वह्या ठेवू लागले होते. हान्साच्या व्यापाऱ्यांनी मात्र जुनी साधी टिपणवही फार उशिरापर्यंत सोडली नाही.

या पद्धतीचे बळ आणि तिची दुखरी जागा, दोन्ही एका माणसाच्या चरित्रात दिसतात. हिल्डेब्रांट फेकिन्खुझेन हा ल्यूबेकचा नागरिक व्यापारासाठी ब्रूजला राही. त्याच्या दहा हिशेबवह्या आणि पाचशेहून अधिक पत्रे टालिनच्या दप्तरात सापडली आहेत. एखाद्या मध्ययुगीन जर्मन व्यापाऱ्याविषयी इतका मजकूर अन्यत्र दुर्मीळ. १४०७ साली त्याने आपला भाऊ झिव्हेर्ट आणि इतर यांच्यासह थेट व्हेनिसशी व्यापार करणारी मंडळी स्थापन केली. उत्तरेकडील केसाळ कातडी व अंबराच्या जपमाळा तेथे न्यावयाच्या आणि मसाले, रेशीम आणावयाचे. आरंभी बरे चालले. पण अंतर मोठे, भागीदार चार गावांत विखुरलेले, आणि वह्या एकमेकांशी जुळेनात. उधारीचा बोजा वाढत गेला आणि काही वर्षांत मंडळी बसली. हिल्डेब्रांट मात्र थांबला नाही. तोटा भरून काढण्यासाठी तो अधिक मोठे सौदे करू लागला, व्याजाने रक्कम उचलू लागला. सम्राट झिगिसमुंड याला दिलेले कर्ज वेळेवर परत आले नाही. सावध स्वभावाच्या झिव्हेर्टने त्याला पत्रांतून बजावले, पण उपयोग झाला नाही. १४२२ साली सावकारांनी त्याला ब्रूजच्या कर्जदारांच्या तुरुंगात टाकले; तेथे तो तीन वर्षे होता. ल्यूबेकला त्याची पत्नी मार्गारेथे मुलाबाळांसह कशीबशी दिवस काढीत होती. तिची पत्रे आजही वाचावयास मिळतात. १४२५ साली तो सुटला, ल्यूबेकला परतला, आणि वर्षभरात वारला. विशेष हे की तो लबाड नव्हता. त्याच्या वह्यांत खोटी नोंद नाही. आहे ती फक्त एकत्र बेरीज. सर्व भागीदाऱ्या मिळून आज आपली खरी स्थिती काय, हे सांगणारे एकही पान त्या दहा वह्यांत नाही.

संघाच्या वैभवाचा कळस डेन्मार्कशी झालेल्या युद्धात दिसतो. १३६१ साली डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार याने गोटलंड बेटावरील व्हिस्बी घेतले. ल्यूबेकने दुसऱ्या वर्षी आपला नगराध्यक्ष योहान विटेनबोर्ग याला आरमार देऊन धाडले. विटेनबोर्ग पक्का व्यापारी. कापड, धान्य, कातडी यांच्या व्यवहारांची त्याची वही आजही उपलब्ध आहे. पण हेल्सिंगबोर्गच्या वेढ्यासाठी त्याने माणसे जमिनीवर उतरविली आणि मागे राहिलेल्या जहाजांवर राजाने घाला घातला. पराभव झाला. नगरसभेने आपल्याच नगराध्यक्षावर खटला चालविला आणि १३६३ साली त्याचा शिरच्छेद केला. व्यापाऱ्यांची सभा मवाळ असते असा ज्यांचा समज असेल त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. १३६७ साली अनेक गावे पुन्हा एकत्र आली, युद्धासाठी मालावर खास पट्टी बसविली, आणि या वेळी जय मिळविला. १३७० च्या श्ट्रालसुंड येथील तहाने स्कोनेच्या किनाऱ्यावरचे चार किल्ले आणि तेथील उत्पन्नाचा दोन तृतीयांश हिस्सा पंधरा वर्षांसाठी त्यांना मिळाला. पंधरा वर्षे सरताच, १३८५ साली, त्यांनी किल्ले परत केले. राज्य त्यांना नको होते; हवा होता बाजार.

मग ऱ्हास का झाला? हेरिंगच्या झुंडींनी बाल्टिक सोडले म्हणून, असे सोपे उत्तर दिले जाते. स्कोनेची मासळी रोडावली हे खरे. पण एका मालावर उभा असलेला व्यापारी दुसरा माल शोधतो, आणि ल्यूबेकजवळ इतर माल होता. माझ्या मते खरे कारण त्या गाडीवाटेत आहे. पंधराव्या शतकात डच लोकांनी मोठी व मजबूत जहाजे बांधून डेन्मार्कला वळसा घालण्याचा धोका पत्करला. धान्य, लाकूड असा अवजड माल दोनदा उतरविण्या-चढविण्यापेक्षा सरळ जहाजाने नेणे स्वस्त पडू लागले. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे उन्हात वाळविलेले स्वस्त मीठही याच जहाजांतून येऊ लागले आणि ल्यूनेबुर्गच्या मिठाचा भाव पडला. यावर ल्यूबेकने काय केले? जहाजे सुधारण्यापेक्षा निर्बंध वाढविले. परक्याशी भागीदारी नको, परक्याला जहाज विकावयाचे नाही, परक्याने अमुक बाजारात प्रत्यक्ष खरेदी करावयाची नाही. परंतु डान्झिगसारख्या पूर्वेकडील गावांना डच गिऱ्हाईक फायद्याचे होते; त्यांनी निर्बंध कागदावर मान्य केले आणि व्यवहारात मोडले. ल्यूबेकचे हित ते संघाचे हित, हे समीकरण सुटले ते येथे. बहिष्काराचे हत्यार एका गावावर चालते. निम्मी गावे नियम मोडू लागली म्हणजे कोण कोणाला बाहेर काढणार?

बाकीचे घाव बाहेरून आले. १४९४ साली मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने नोव्हगोरोदची वखार बंद करून व्यापाऱ्यांना कैद केले. १५३३ साली ल्यूबेकचा नगराध्यक्ष झालेला युर्गेन वुलेनवेव्हर हा डचांना बाल्टिकमधून घालविण्यासाठी डेन्मार्कच्या गादीच्या भांडणात पडला. युद्ध हरले, अधिकार गेला, आणि १५३७ साली परमुलखात त्याचा वध झाला. १५९८ साली एलिझाबेथ राणीने लंडनच्या वखारीतून हान्साच्या लोकांना बाहेर काढले. तीस वर्षांच्या युद्धानंतर, १६६९ साली, ल्यूबेकला सभा बोलावली गेली. फक्त नऊ गावांनी भाग घेतला, त्यांतील काहींनी तर दुसऱ्याकरवी. बैठकांमागून बैठका झाल्या, निर्णय काही झाला नाही. संघ विसर्जित करण्याचा ठरावही झाला नाही. पुढची सभा भरली नाही, इतकेच. ल्यूबेक, हॅम्बुर्ग व ब्रेमेन या तिघांनी उरलेल्या मिळकतीची देखरेख केली आणि लंडनची जागा अखेर १८५३ साली विकली.

नगर मात्र जगले. व्यापाऱ्यांनी मिळविलेल्या पैशाचे काय केले, हे तेथील इमारती सांगतात. नगरसभेचे संत मेरीचे चर्च बिशपच्या चर्चहून मोठे बांधले. त्याचे जोडमनोरे सुमारे १२५ मीटर उंच आहेत आणि मधल्या भागाची विटांची कमान साडेअडतीस मीटरांवर आहे. दगड न मिळणाऱ्या मुलखात हे सारे भाजलेल्या विटांचे काम आहे. याच चर्चमध्ये सतराव्या शतकात बुक्स्टेहुडे हा संगीतकार व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून सायंकालीन मैफली करी. त्या ऐकण्यासाठी १७०५ साली वीस वर्षांचा बाख सुमारे चारशे किलोमीटर पायी आला होता. तेराव्या शतकात बेर्ट्राम मोर्नेवेग या धनिक व्यापाऱ्याच्या पुढाकाराने आजारी व निराधारांसाठी उभारलेले ‘पवित्रात्मा रुग्णालय’ पाहिले म्हणजे आपल्या धर्मशाळा व पांजरपोळ काढणाऱ्या पूर्वजांची आठवण होते. त्याच्या लांबलचक दालनात वृद्धांसाठी १८२० साली लाकडी खोल्या घातल्या, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तेथे वृद्ध राहत होते. योहान फ्युश्टिंग या व्यापाऱ्याने मृत्युपत्राने ठेवलेल्या द्रव्यातून १६३९ साली व्यापारी व नावाडी यांच्या विधवांसाठी अंगणाभोवती घरे बांधली गेली. तो वाडा आजही वस्तीत आहे.

१८०६ च्या नोव्हेंबरात फ्रेंच सैन्याने नगर लुटले, १८११ ते १८१३ ते फ्रान्सला जोडले गेले. पुढे शांततेचे शतक आले. या काळातील धान्याच्या पेढ्यांचे चित्र टोमास मान याने १९०१ च्या ‘बुडनब्रोक्स’ या कादंबरीत रंगविले आहे. तो स्वतः ल्यूबेकच्या अशाच घराण्यातला. १७९० साली निघालेली त्यांची पेढी वडिलांच्या मृत्यूनंतर १८९१ साली मोडण्यात आली. कादंबरीतील शेठ पूर्वजांचा दंडक मोडून शेतातील उभ्या पिकाचा सौदा करतो, आणि पेढीच्या शताब्दीच्या समारंभातच गारपिटीने पीक गेल्याची तार येते. आपल्या व्यवसायातील मंडळींनी हे पुस्तक अवश्य वाचावे. लेखकाला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गावकऱ्यांना मात्र आपली घरे ओळखू येत असल्यामुळे ते पुष्कळ वर्षे त्याच्यावर रुष्ट होते.

जुन्या वस्तूंविषयी व्यापारी मन नेहमीच हळवे असते असे नाही. १४६४ ते १४७८ मध्ये बांधलेला होल्स्टेन दरवाजा दलदलीत खचून वाकडा झाला होता. तो पाडावा की राखावा याचा निर्णय १८६३ साली व्हावयाचा होता. एका मताच्या आधिक्याने तो राहिला. दरवाजावर ‘घरात एकोपा, बाहेर शांतता’ या अर्थाचे लॅटिन शब्द आहेत. पुढे हाच दरवाजा जर्मनीच्या पन्नास मार्कांच्या नोटेवर झळकला.

१९३७ साली हिटलरच्या राजवटीने कायदा करून ल्यूबेकचे स्वातंत्र्य काढून घेतले आणि नगर शेजारच्या प्रांताला जोडले. १९४२ च्या २८ मार्चच्या रात्री ब्रिटिश विमानांनी जुन्या गावावर आगीचे बाँब टाकले. सुमारे तीनशे माणसे मेली आणि संत मेरीचे चर्च जळाले. दक्षिणेकडच्या मनोऱ्यातील घंटा खाली कोसळून फुटल्या. चर्च पुन्हा बांधले, परंतु घंटांचे तुकडे जेथे पडले तेथेच आजही ठेवलेले आहेत. युद्धानंतर देशाची फाळणी झाली आणि दोन जर्मनींची सरहद्द नगराच्या पूर्व वेशीला येऊन भिडली. ज्या पूर्वेच्या व्यापारावर गाव जगले ती पूर्व १९८९ पर्यंत तारांच्या कुंपणापलीकडे गेली. १९५६ साली, गमावलेले स्वातंत्र्य परत मिळावे यासाठी लोकमत घेण्याची नागरिकांची मागणी सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने फेटाळली. १९८७ साली जुन्या नगराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

आज ल्यूबेक श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतातील एक शहर आहे. बदामाच्या मार्झिपान मिठाईसाठी ते साऱ्या जगात ओळखले जाते. तिची प्रसिद्ध पेढी निडरएगर हिची स्थापना १८०६ सालची, म्हणजे फ्रेंचांनी नगर लुटले त्याच वर्षाची. तेथील मोटारींच्या क्रमांकाच्या पाटीवर इतर शहरांप्रमाणे गावाचे केवळ आद्याक्षर नसते. दोन अक्षरे असतात, एच व एल. पहिले अक्षर ‘हान्साचे नगर’ या शब्दाचे आणि दुसरे ल्यूबेकचे.